ठळक भौमितिक देवनागरी: पहिलं अक्षर काढण्यापासून बोर्डावर चढवण्यापर्यंत

गोव्यात दुकानांचे बोर्ड बहुतेक दोन लिप्यांत असतात. पणजीच्या अठरा जून रस्त्यावर किंवा मडगावच्या बाजारात वर बघत चाला, म्हणजे एक गोष्ट लगेच जाणवेल. रोमन नाव जाड, गोल, ठसठशीत अक्षरांत असतं. खाली तेच नाव देवनागरीत, संगणकात आधीपासून असलेल्या फॉन्टात, जागा भरावी म्हणून आडवं ताणलेलं. जत्रेतल्या नाटकांच्या फलकांवर आणि चवथीच्या मंडळांच्या कमानींवर देवनागरी मोठी असते, पण तिथंही अक्षर बहुधा हाताशी असेल तेच घेतलेलं असतं. आपल्या लिपीला याहून चांगलं मिळायला हवं. ते करणं नवख्या माणसाच्याही आवाक्यातलं आहे, म्हणून हा लेख.

इथे ज्या अक्षराबद्दल बोलायचं आहे ते भौमितिक वळणाचं, सर्वत्र साधारण एकाच जाडीचं, टोकांना नखरे नसलेलं आणि फक्त मोठ्या आकारात वापरायचं असं आहे. शीर्षक, नाव, फलक एवढंच त्याचं क्षेत्र. लेखभर एक सूत्र धरून ठेवा: ठळक अक्षर काढताना काळ्यापेक्षा आतल्या पांढऱ्याकडे बघायचं.

हे वळण कुठून आलं

रोमन लिपीत हा प्रकार १९२०च्या दशकात जर्मनीत रुजला. पॉल रेनर यांचा फ्यूचुरा हा फॉन्ट १९२७ साली बाउअर फाउंड्रीने, म्हणजे छपाईची अक्षरं तयार करणाऱ्या कंपनीने, आणला. वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन यांवर उभं राहिलेलं अक्षर म्हणून तो ओळखला जातो. १९७० साली हर्ब लुबालिन आणि टॉम कार्नेस यांच्या आव्हां गार्द गॉथिकने हेच वळण जाहिरातींत आणि मासिकांच्या शीर्षकांत घट्ट बसवलं. देवनागरीत मोठ्या प्रमाणावर पोहोचलेलं उदाहरण म्हणजे इंडियन टाइप फाउंड्रीचा पॉपिन्स. त्याची देवनागरी निनाद काळे यांनी आणि रोमन जॉनी पिनहॉर्न यांनी केली. हा फॉन्ट मुक्त परवान्याखाली आहे आणि गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. आधी तोच उतरवून घ्या आणि त्याच्या सर्वांत जाड रूपात आपल्या गावाचं नाव मोठं करून छापा. पुढचं सगळं वाचताना तो कागद समोर ठेवा.

दोन लिप्या शेजारी ठेवण्याचा प्रश्न गोव्याला फार जुना आहे. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली इथे, जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात सुरू झाला. १६१६ साली राशोलला फादर स्टीफन्स यांचं मराठी काव्य छापलं गेलं, तेही रोमन अक्षरांतच. आज खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, पाडावे लागत नाहीत. एक संगणक आणि चिकाटी पुरते.

पहिली पायरी: एक शब्द निवडा

पहिल्याच दिवशी संपूर्ण फॉन्ट करायला बसू नका. देवनागरीत स्वर, व्यंजनं, मात्रा, अर्धी रूपं आणि जोडाक्षरं धरली तर चिन्हांची संख्या सहज काही शेकड्यांत जाते. एक शब्द घ्या, खरोखर कुठेतरी लागणार असलेला. गावच्या नाटकाचं शीर्षक असेल, नाहीतर ओळखीच्या बेकरीचं किंवा वाचनालयाचं नाव. तो शब्द पुरता जमला की त्यातल्या भागांतून पुढची अक्षरं आपोआप सुचत जातात.

साधनांवर फार वेळ घालवू नका. आलेखाचा कागद, मऊ पेन्सिल आणि खोडरबर यांनी सुरुवात करा. संगणकावर फॉन्टफोर्ज फुकट आहे. मॅक असेल तर ग्लिफ्स विकत घेता येतो, आणि देवनागरीसाठी तो सोयीचा आहे. फक्त शब्दच काढायचा असेल तर इंकस्केपही चालेल.

दुसरी पायरी: मापं ठरवा आणि पोकळी मोजा

फॉन्टच्या जगात एक अक्षर साधारण १००० एककांच्या चौकटीत काढतात. तळरेषेपासून शिरोरेषेच्या वरच्या काठापर्यंत ७०० एककं धरा. उभा दंड १५० आणि शिरोरेषा १२० ठेवा. शिरोरेषा दंडापेक्षा बारीक ठेवण्याचं कारण डोळ्यात आहे: सारख्याच मापाची आडवी पट्टी उभ्या पट्टीहून जाड दिसते. दोन्ही १५० ठेवल्या तर शब्दाच्या डोक्यावर तुळई ठेवल्यासारखं वाटतं आणि खालची अक्षरं दबतात.

आता ठ काढा. देवनागरीत पूर्ण वर्तुळाच्या सर्वांत जवळचं अक्षर तेच. ७०० मधून शिरोरेषेचे १२० गेले, खाली ५८० उरले. त्यात १४० चा आखूड दंड आणि ४४० व्यासाचं वर्तुळ बसतं. वर्तुळाची रेघ १५० जाड ठेवली तर आतल्या पोकळीचा व्यास उरतो १४०. क्षेत्रफळ काढून बघा: पोकळी संपूर्ण चकतीच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढी येते. आता रेघ १२० करा. पोकळीचा व्यास २०० होतो आणि हिस्सा पाचवा. रेघ फक्त ३० एककांनी बारीक केली आणि आतला उजेड दुप्पट झाला. बाहेरून पाहणाऱ्याला अक्षर अजूनही तेवढंच ठळक वाटतं.

हा हिशेब मी नव्या प्रत्येकाला हाताने करायला लावतो, कारण ठळक देवनागरीची जवळजवळ सगळी दुखणी इथूनच निघतात. रोमन ओ हे अक्षर एकटं असतं, त्याच्या डोक्यावर काही नसतं. आपल्या अक्षराला वर शिरोरेषा, तिच्यावर मात्रा, खाली उकार आणि कधी पोटात दुसरं अक्षर. जाडी वाढवायला जागा मुळातच कमी. म्हणून रोमन आणि देवनागरी शेजारी ठेवताना दोन्हींची रेघ एकाच मापाची ठेवू नका. देवनागरीची थोडी बारीक ठेवली तरच दोन्ही सारखी काळी दिसतात.

तिसरी पायरी: वर्तुळाला डोळ्याच्या हवाली करा

कंपासने काढलेलं वर्तुळ अक्षरात नेमकं बसत नाही. फ्यूचुराची अक्षरं बारकाईने पाहिली तर कळतं, रेघ सगळीकडे एकसारखी भासते पण खरी तशी नाही. जिथे वळण दंडाला भेटतं तिथे ती हलकेच निमुळती केलेली आहे. आपणही तेच करायचं. ठच्या वर्तुळाची रेघ बाजूंना १२० असेल तर वर-खाली ११० च्या आसपास आणा. व, ब, क यांचं पोट दंडाला जिथे चिकटतं तिथे रेघ आणखी कमी करा, कारण दोन काळे भाग भेटतात त्या कोपऱ्यात काळा डाग साचतो.

गोल तळ असलेली अक्षरं, म्हणजे ट, ठ, ढ, द वगैरे, तळरेषेच्या खाली १० ते १५ एककं उतरवा. सपाट तळाच्या दंडांशी ती तंतोतंत रेषेत ठेवली तर लहान दिसतात. हा फरक मोजून सापडणार नाही, पण शब्द भिंतीवर लावून चार पावलं मागे गेलात की लगेच दिसेल.

संगणकात वक्र काढताना बिंदू वक्राच्या टोकांवर ठेवा, म्हणजे अगदी वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे. चार बिंदूंत जे वर्तुळ होतं त्याला नऊ बिंदू लावले तर ते खडबडीत होणारच.

चौथी पायरी: कुटुंबाने काढा

वर्णमालेच्या क्रमाने जाऊ नका. व जमला की ब आणि क त्यातूनच निघतात. प वरून ष आणि फ. ट वरून ठ आणि ढ, आणि थोडं पुढे द. गाठीची अक्षरं, म्हणजे म, भ, ग, न, एकत्र काढा, कारण त्यांचा प्रश्न एकच आहे: गाठीचं काय करायचं?

ठळक अक्षरात गाठीतलं भोक राहतच नाही. थोडंसं राखायचा प्रयत्न केला तर छपाईत ते शाईने बुजतं, आणि बुजलेलं भोक घाणीसारखं दिसतं. माझं मत पक्कं आहे: गाठ एकतर पूर्ण भरीव करा, किंवा ती मोडून साधी आडवी रेघ ठेवा. मधला मार्ग नको. आणि म मध्ये जे ठरवाल तेच भ, ग आणि न मध्ये पाळा. भौमितिक अक्षराची शिस्त वर्तुळापेक्षा अशा ठिकाणी जास्त दिसते.

ह, झ, इ, ळ, क्ष आणि ज्ञ शेवटी ठेवा. एकावर एक वळणं असलेली ही अक्षरं ठळक करणं फार कठीण. ळ ची दोन पोटं तर फारच अरुंद होतात. इथे संकोच न करता अक्षर रुंद करा. सगळी अक्षरं एकाच रुंदीची असावीत असा नियम कुठेही नाही.

पाचवी पायरी: मराठीचं मराठीपण राखा

बाजारातले बरेच देवनागरी फॉन्ट हिंदी वळण समोर ठेवून केलेले आहेत. ल आणि श ही दोन अक्षरं मराठीत वेगळ्या वळणाची लिहितात, आणि ५, ८, ९ या अंकांकडेही लक्ष द्यावं लागतं. दोन्ही वळणं फॉन्टमध्ये ठेवता येतात. ओपनटाइपमध्ये, म्हणजे आजचे फॉन्ट ज्या फाइल-प्रकारात असतात त्यात, मराठी भाषेसाठी स्थानिक रूपांची सोय आहे, म्हणजे मजकुराची भाषा मराठी ठरवली की मराठी ल येतो. पण फलक करणारा माणूस भाषा निवडत बसत नाही. तुमचा फॉन्ट गोव्यातल्या मराठी वाचकांसाठी असेल तर मराठी रूपच मूळ ठेवा.

ॲ, ऑ आणि ॅ विसरू नका. ‘कॅफे’ आणि ‘ऑफिस’ याशिवाय गोव्यातला एक रस्ता सरत नाही. ‘किनाऱ्यावर’ या शब्दातला अर्धा र मराठीत आडवा, पापणीसारखा लिहितात. अनेक फॉन्टांत तो इतका बारीक असतो की ठळक शब्दात हरवतो. त्याची जाडी शिरोरेषेच्या जवळ आणा.

सहावी पायरी: गावांच्या नावांनी तपासा

कसोटीसाठी शब्द शोधायला लांब जावं लागत नाही. आपल्या गावांची नावं हीच उत्तम परीक्षा आहे.

‘कुठ्ठाळी’ घ्या. ठ खाली ठ रचला तर दोन वर्तुळं ठेचून निघतात आणि शब्द चहाच्या डागासारखा दिसतो. ठळक रूपात पहिल्या ठ ला हलंत देऊन दोन्ही शेजारी ठेवणं जास्त स्वच्छ वाटतं. कुणाला रचलेलंच रूप हवं असेल तर खालचा ठ तळरेषेखाली उतरू द्या, वरचा लहान करू नका. ‘कुंकळ्ळी’त ळ्ळ आहे, आणि वर अनुस्वार, खाली उकार. तो शब्द जमला तर बरंच काही जमलं. ‘म्हार्दोळ’मध्ये द वर काना, मात्रा आणि रफार तिघेही येतात. ‘पर्ये’त य वर मात्रा आणि रफार शेजारी शेजारी. ‘सर्वांनी’त रफाराला अनुस्वार चिकटतो, तो ठिपका रफाराच्या पोटात शिरता कामा नये, त्यासाठी वेगळं जोडचिन्ह काढावं लागतं. ‘वेर्णा’, ‘सुर्ला’, ‘वाळपई’, ‘डिचोली’, ‘काणकोण’ हीही छापून बघा.

पहिली वेलांटी हा स्वतंत्र विषय आहे. ‘डि’ आणि ‘शि’ यांच्या रुंदी वेगळ्या, म्हणून एकाच मापाची वेलांटी दोन्हींवर बसत नाही. तिची कमान अक्षराच्या दंडावर किंवा मध्यावर नीट टेकायला हवी. किमान तीन-चार रुंदींच्या वेलांट्या काढा आणि कुठल्या अक्षरापुढे कुठली यायची ते फॉन्टच्या नियमांत लिहा. काम कंटाळवाणं आहे, पण इथे आळस केला की वाचणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, तरी खटकत राहतं.

सातवी पायरी: अंतर

देवनागरीत अक्षरं शिरोरेषेने जोडलेली असतात. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा चौकटीच्या थोडी बाहेर काढून पुढच्या अक्षरावर चढवा, नाहीतर पडद्यावर आणि छपाईत केसाएवढी फट दिसते. दोन दंडांमधलं अंतर अक्षराच्या आतल्या पोकळीशी जुळतं ठेवा. ठळक अक्षरात पोकळी लहान असते, म्हणून अंतरही आवळावं लागतं.

इथेच एक सूचना वापरणाऱ्यांसाठी. अक्षरांमधलं अंतर वाढवायचं बटण देवनागरीला लावू नका. रोमन मोठ्या अक्षरांत ते छान दिसतं. आपल्याकडे त्याने शिरोरेषा तुकड्या-तुकड्यांनी तुटते. शब्द रुंद हवा असेल तर आकार वाढवा. आडवा ताणू नका, ताणल्यावर दंड सुजतात आणि शिरोरेषा तशीच राहते, मग जाडीचा सगळा हिशेब कोलमडतो.

फॉन्ट वापरताना

समजा स्वतःचा फॉन्ट अजून व्हायचा आहे आणि पुढच्या आठवड्यात फलक द्यायचा आहे. मग पॉपिन्सचं जाड रूप घ्या, किंवा ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा बलू, जो भौमितिकपेक्षा गोलसर आणि मऊ आहे. मुलांच्या नाटकाला, खाद्यमहोत्सवाला बलू चांगला. शाळेच्या किंवा वाचनालयाच्या फलकाला पॉपिन्स. तारीख, वेळ, कलाकारांची नावं, देणगीदारांची यादी या ठळक फॉन्टात कधीच लिहू नका. त्यासाठी ‘एक टाइप’चाच मुक्ता आहे, सात जाडींत मिळतो आणि लहान आकारात स्वच्छ वाचता येतो. एका फलकावर एक ठळक फॉन्ट आणि एक साधा, यापुढे जाऊ नका.

आकाराचा बोर्डवाल्यांचा ढोबळ नियम असा: दर १० फुटांच्या अंतराला १ इंच उंचीचं अक्षर. ५० फुटांवरून वाचायचं असेल तर ५ इंच. हा नियम रोमन मोठ्या अक्षरांवरून आलेला आहे. देवनागरीत मात्रा आणि उकार वाचता यायला हवेत, म्हणून मी शिरोरेषेपासून तळापर्यंतची उंची त्याच्या दीडपट धरतो. महामार्गावरच्या फलकाला त्याहूनही मोठी.

दोन ओळींचं शीर्षक असेल तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा आपटतात. सरसकट अंतर वाढवण्याआधी ओळ दुसऱ्या ठिकाणी तोडून बघा. कधी कधी एक शब्द खाली नेला की उकार मोकळ्या जागेवर येतो आणि दोन्ही ओळी घट्ट बसतात.

गडद पार्श्वभूमीवरचं पांढरं अक्षर जास्त जाड दिसतं. मागून दिवा असलेल्या बोर्डात तर उजेड पोकळीत पसरतो आणि ठ, ळ, ष बुजतात. अशा बोर्डासाठी एक पायरी कमी जाडीचं रूप निवडा. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, संध्याकाळी बोर्ड ओल्या काचेतून आणि गाडीच्या वायपरमागून वाचला जातो. तेव्हा आतली पोकळी वाचवते.

ॲक्रिलिक किंवा धातूत कापून घेतलेल्या अक्षरांत देवनागरीचा मोठा फायदा आहे. शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकच तुकडा म्हणून निघतो, तर रोमन शब्दाचं प्रत्येक अक्षर वेगळं चिकटवावं लागतं. फक्त अनुस्वार सुटा राहतो, तो कुठे येणार याची खूण कापणाऱ्याला कागदावर द्या. उलट, पत्र्यातून अक्षर कोरून काढायचं असेल, म्हणजे स्टेन्सिल, तर ठ आणि ब यांची पोकळी गळून पडते. तिथे पूल ठेवावा लागतो, आणि पूल दंडाच्या रेषेत ठेवला तर अक्षर बिघडत नाही.

फाइल छपाईला देताना

डीटीपीच्या काही दुकानांत अजून युनिकोडआधीचे फॉन्ट चालतात, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे सारखा सांकेतिक क्रमांक देणारी युनिकोड पद्धत रुळण्याआधीचे. तुमचा युनिकोड मजकूर तिथे चिकटवला की गिचमिड होतं, किंवा वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. म्हणून मजकूर पाठवू नका. शीर्षकाचं कर्व्हमध्ये, म्हणजे मजकुराऐवजी नुसत्या आकारांत, रूपांतर करून पीडीएफ द्या. इनडिझाइनमध्ये मजकूर तुटक दिसत असेल तर सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा, जोडाक्षरं जागेवर येतात. रूपांतर झाल्यावर शब्द पुन्हा एकदा मोठ्याने वाचा. कर्व्ह झालेल्या शब्दात शुद्धलेखन तपासणारं कुणी नसतं.

स्वतःचा फॉन्ट वाटायला काढाल तेव्हा परवाना आधी ठरवा. सिल ओपन फॉन्ट परवान्यात लोक तो व्यवसायालाही वापरू शकतात आणि बदलू शकतात, फक्त फॉन्ट सुटा विकता येत नाही. पॉपिन्सवर काम करून नवीन रूप केलंत तरी ते त्याच परवान्याखाली द्यावं लागतं. फाइलच्या नावात आवृत्तीचा क्रमांक घाला आणि सोबत गावांच्या नावांचं ते कसोटीचं पान द्या. तुमचा फॉन्ट उतरवणारा फोंड्यातला किंवा म्हापशातला पेंटर आधी त्यात आपल्या गावाचं नाव कसं दिसतं तेच बघणार आहे.